विल्सन म्हणजे नेमके कोणते?

"१८३२ साली विल्सन यांनी गिरगावात इंग्रजी शाळा सुरू केली." "१८३२ साली विल्सन यांची ऑक्सफर्डला संस्कृतचे पहिले बोडेन प्राध्यापक म्हणून निवड झाली." दोन्ही वाक्यं खरी आहेत. पण ती एका परिच्छेदात शेजारी आली, की कधी जन्मलाच नाही असा एक माणूस तयार होतो: सकाळी गिरगावात शिकवणारा आणि संध्याकाळी ऑक्सफर्डला संस्कृत सांगणारा.

शाळावाले जॉन विल्सन. जन्म १८०४, स्कॉटलंडमधलं लॉडर. १८२९मध्ये मिशनरी म्हणून मुंबईत आले आणि १८७५ साली मुंबईतच वारले. त्याच शाळेचं पुढे विल्सन कॉलेज झालं. चौपाटीसमोरची दगडी इमारत मात्र १८८९ची, म्हणजे ते गेल्यानंतर चौदा वर्षांनी उभी राहिलेली. "विल्सन यांनी बांधलेली इमारत" अशी फोटोओळ दिसली तर ती खोडायला हरकत नाही. ऑक्सफर्डवाले ते होरेस हेमन विल्सन. लंडनचे, ईस्ट इंडिया कंपनीचे डॉक्टर म्हणून १८०८ साली कलकत्त्याला आलेले. १८१३मध्ये मेघदूताचं इंग्रजी भाषांतर, १८१९मध्ये संस्कृत-इंग्रजी कोश आणि १८४०मध्ये विष्णुपुराणाचं भाषांतर ही त्यांची कामं.

अशोकाच्या शिलालेखांवर लिहिताना ही जोडी हमखास गोंधळ घालते, कारण तिथे दोघेही येतात. ब्राह्मी लिपी उलगडणाऱ्या जेम्स प्रिन्सेपच्या आधी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीचे सचिव होते ते होरेस. प्रिन्सेपला गिरनारच्या शिलालेखाचा ठसा मिळाला तो जॉन यांच्याकडून. जुन्या इंग्रजी मजकुरात पूर्ण नाव नसलं तर उपाधी पाहावी. "रेव्हरंड डॉक्टर विल्सन" म्हणजे मुंबईचे जॉन. "प्रोफेसर विल्सन" म्हणजे साधारणपणे होरेस. नुसतं "डॉक्टर विल्सन" असेल तर गाव पाहावं. मुंबई, पारशी, गिरनार, लेणी असे शब्द आजूबाजूला असले तर जॉन. कलकत्ता, कालिदास, पुराणं असली तर होरेस. सर्वात फसवं उदाहरण रा. गो. भांडारकरांच्या १८७७ सालच्या विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्यानांचं. विषय संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या भाषा, म्हणून वाचणारा सहज होरेसकडे वळतो. ती व्याख्यानमाला जॉन विल्सन यांच्या नावाची आहे.

एवढे विल्सन आले कुठून, याचं उत्तर शब्दातच आहे. विल म्हणजे विल्यम, सन म्हणजे मुलगा. १०६६मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि पुढची काही शतकं मुलांची नावं ठेवताना विल्यमची चलती राहिली. इंग्लंडच्या उत्तरेत आणि स्कॉटलंडच्या सखल भागात बापाच्या नावाला 'सन' जोडायची रीत होती. दक्षिणेत आणि वेल्समध्ये नुसता 'स' लागायचा, म्हणून तिकडे विल्यम्स. सुरुवातीला हे दर पिढीला बदलायचं. विलचा मुलगा टॉम तो टॉम विल्सन, पण टॉमचा मुलगा थॉमसन. आपल्या नावातला मधला शब्द जे काम करतो तेच हे. फरक इतकाच, की तिथे एका पिढीपाशी ते गोठलं आणि आडनाव बनलं. त्यामुळे दोन विल्सन नात्यातले असायचं काही कारण नाही. दोन पाटलांचं असतं तितकंच. आपल्याकडे निदान गाव विचारून पुढे जाता येतं, इथे तीही सोय नाही. एक अंदाज मात्र उपयोगी पडतो. भारतातल्या जुन्या कागदांत विल्सन भेटला तर तो स्कॉटिश असण्याची शक्यता आधी धरावी. लॉडरचे जॉन तसे, आणि त्याच सीमाभागातल्या हॉइकचे जेम्स विल्सनही तसेच. या जेम्सनी १८४३मध्ये 'द इकॉनॉमिस्ट' सुरू केलं, १८५३मध्ये चार्टर्ड बँक काढली (आजच्या स्टँडर्ड चार्टर्डमधला 'चार्टर्ड' तो हाच) आणि १८६० साली भारताचा पहिला अर्थसंकल्प मांडला. आयकरही त्यांनीच आणला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते कलकत्त्यात वारले. ब्रिटनचे पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांचंही पहिलं नाव जेम्सच होतं, एवढं लक्षात असू द्यावं.

लंडनच्या होरेसबाबत हा अंदाज चुकतोच, आणि भंडारदऱ्यालाही चुकतो. अकोले तालुक्यात प्रवरेवर असलेलं विल्सन धरण हे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या नावाचं. ते लंडनचे. १९१०मध्ये सुरू झालेलं काम १९२६च्या डिसेंबरात त्यांच्या हस्ते उद्घाटन होऊन संपलं. कॉलेजच्या विल्सनचा या धरणाशी संबंध नाही. तोवर त्यांना जाऊन पन्नास वर्षं झाली होती. इंटरनेटवर या धरणाची माहिती शोधताना आणखी एक अडचण येते. अमेरिकेत अलाबामा राज्यात टेनेसी नदीवरही विल्सन धरण आहे, ते राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या नावाचं, १९२४ साली पूर्ण झालेलं. दोन वर्षांच्या अंतराने बांधून झालेली दोन्ही धरणं, त्यामुळे साल पाहूनही पटकन उलगडा होत नाही. उंची पाहावी. भंडारदऱ्याची सुमारे २७० फूट, अलाबामाची १३७. अमेरिकेचं धरण बुटकं पण लांबलचक, साडेचार हजार फुटांच्या आसपास, आणि त्यातून बोटी वरखाली नेणारी लॉक आहेत. मजकुरात वीजनिर्मितीबरोबर जहाजवाहतूक आली तर ते आपलं नव्हे. साठा ११,०३९ दशलक्ष घनफूट लिहिला असेल तर ते आपलं.

नोबेलच्या यादीत पाच विल्सन आहेत. वुड्रो यांना १९१९चं शांततेचं. सी. टी. आर. विल्सन यांना १९२७चं भौतिकशास्त्राचं, मेघपेटीसाठी. भारित कण बाष्पातून जाताना मागे धुक्याची रेघ सोडतो, ती दाखवणारं हे उपकरण. केनेथ विल्सन यांना १९८२चं, तेही भौतिकशास्त्राचं. उरलेले दोघंही रॉबर्ट, आणि नोबेलबाहेर तिसरा एक रॉबर्ट आहे, म्हणून इथे मधलं नाव लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही. रॉबर्ट वुड्रो विल्सन हे विश्वाच्या सुरुवातीपासून उरलेलं सूक्ष्मलहरी प्रारण सापडलेल्या जोडीपैकी एक, नोबेल १९७८. रॉबर्ट बटलर विल्सन हे लिलावाच्या सिद्धांताचे अर्थशास्त्रज्ञ, नोबेल २०२०. रॉबर्ट रॅथबन विल्सन हे अमेरिकेतल्या फर्मीलॅब या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेचे पहिले संचालक. पहिला आणि तिसरा दोघेही भौतिकशास्त्रज्ञ, त्यामुळे एकाच्या लेखात दुसऱ्याचा फोटो लागणं सहज होतं. पहिल्याच्या मधल्या नावामुळे शोधयंत्रं त्याला राष्ट्राध्यक्षांच्या रांगेत नेऊन बसवतात ते वेगळंच.

वैद्यकातला गोंधळ महाग पडू शकतो. विल्सन्स डिसीज हा तांब्याचा आजार, लंडनमध्ये काम करणारे मेंदूविकारतज्ज्ञ किनिअर विल्सन यांनी १९१२मध्ये वर्णन केलेला. यकृत जादा तांबं पित्तातून बाहेर टाकू शकत नाही, म्हणून ते आधी यकृतात आणि मग मेंदूत साठतं. कारण तेराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकातला दोष. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला धोका चारात एक. रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन (तांबं वाहून नेणारं प्रथिन) कमी, चोवीस तासांच्या लघवीत तांबं जास्त आणि डोळे तपासायच्या स्लिट लॅम्पने पाहिल्यावर बुबुळाच्या कडेला तपकिरी-हिरवट कडं, ही तपासणीची त्रिसूत्री. पण कडं दिसलं नाही म्हणजे आजार नाही असं होत नाही. उपचार जन्मभर. विल्सन सिंड्रोम हे नाव मात्र भलत्याच गोष्टीचं. एका अमेरिकन डॉक्टरने थकवा आणि अंगाचं कमी तापमान यांना थायरॉइडशी जोडून ते दिलं. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने त्याला शास्त्रीय आधार नसल्याचं स्पष्ट म्हटलंय. शोधताना "डिसीज"ऐवजी "सिंड्रोम" टाकलं, की तांब्याच्या रुग्णाला थायरॉइडच्या गोळ्यांचा सल्ला समोर येतो. तांब्या-पितळेच्या भांड्यांमुळे हा आजार होतो, हाही गैरसमज. भांड्यांशी जोडला गेलेला आजार लहान मुलांच्या यकृताचा, इंडियन चाइल्डहुड सिरोसिस. तशा भांड्यांत तापवलेल्या दुधाशी असलेलं त्याचं नातं १९८०च्या दशकात पुण्यात झालेल्या अभ्यासातून पुढे आलं. विल्सनच्या रुग्णाला तांब्याची भांडी टाळायला सांगतात ते साठा वाढू नये म्हणून.

ईसीजीच्या खोलीतले विल्सन आणखी वेगळे, मिशिगनचे फ्रँक नॉर्मन विल्सन. उजवा हात, डावा हात आणि डावा पाय इथल्या तारा प्रत्येकी ५,००० ओहमच्या रोधातून एका बिंदूला जोडायच्या. त्याला विल्सन सेंट्रल टर्मिनल म्हणतात. छातीवरच्या सहाही लीड, म्हणजे तिथून मिळणारे सहा आलेख, या बिंदूच्या तुलनेत मोजल्या जातात. म्हणूनच सहाही लीड एकदम थरथरायला लागल्या तर छातीचे इलेक्ट्रोड चाचपत बसू नये. आधी हाताचे आणि डाव्या पायाचे पाहावेत, तिथलाच एखादा सैल असतो. उजवा पाय या बेरजेत नाही.

गणितातलं विल्सनचं प्रमेय पुन्हा एका जॉन विल्सनचं, आणि इथे तर पूर्ण नावही वाचवत नाही. हे अठराव्या शतकातले केंब्रिजचे, पुढे न्यायाधीश झालेले. १७९३मध्ये वारले, म्हणजे मिशनरी जॉन जन्मायच्या अकरा वर्षं आधी. प्रमेय सोपं आहे. एखाद्या संख्येहून एकने लहान संख्येचं क्रमगुणित (१ पासून तिच्यापर्यंतच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार) घ्या, त्यात १ मिळवा. मूळ संख्येने निःशेष भाग गेला तर ती संख्या अविभाज्य, नाही तर नाही. ७ साठी ६चं क्रमगुणित ७२०, अधिक १ म्हणजे ७२१, आणि ७२१ म्हणजे ७ गुणिले १०३. ९ साठी ४०,३२१. अंकांची बेरीज १० येते, तिला ९ने भाग जात नाही, म्हणून ४०,३२१लाही जात नाही. अविभाज्यता तपासायला मात्र हे कुणी वापरत नाही, कारण २०चंच क्रमगुणित १९ अंकी आहे. विशेष म्हणजे विल्सनने हे सिद्ध केलं नव्हतं. त्याचे गुरू एडवर्ड वेअरिंग यांनी १७७०मध्ये त्याच्या नावाने ते छापलं, सिद्धता लाग्रांजने १७७१मध्ये दिली. पाच, तेरा आणि पाचशे त्रेसष्ट या तीन संख्यांच्या बाबतीत भाग वर्गानेही जातो. ४चं क्रमगुणित २४, अधिक १ म्हणजे २५. अशा अविभाज्य संख्यांना विल्सन अविभाज्य संख्या म्हणतात आणि आजवर या तीनच सापडल्यात.

उधारीचं श्रेय मालसाठ्याच्या सूत्रातही आहे. एका वेळी किती माल मागवावा हे सांगणारं वाणिज्य शाखेतलं विल्सनचं सूत्र १९१३मध्ये फोर्ड हॅरिसने मांडलेलं. विल्सन नावाच्या सल्लागाराने ते नंतर कारखान्यांत रुजवलं. वर्षाची मागणी १,२०० नग, दर ऑर्डरचा खर्च १०० रुपये, एक नग वर्षभर ठेवायचा खर्च ६ रुपये: दोनाला १,२०० आणि १००ने गुणा, ६ने भागा, ४०,०००चं वर्गमूळ काढा. एका वेळी २०० नग मागवा. बहुतेकांची चूक सहाच्या जागी होते, कारण साठवणखर्च महिन्याचा घालतात आणि मागणी वर्षाची.

टेनिस रॅकेटवरचा विल्सन शिकागोचा, मांस-व्यवसायातला. कत्तलखान्यात उरलेल्या आतड्यांपासून रॅकेटच्या तारा करायच्या, असा तो धंदा सुरू झाला.

पक्षी पाहणाऱ्यांना विल्सन नावाचे पक्षी पुष्कळ भेटतात. अंटार्क्टिकाकडे घरटी करणारा आणि आपल्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या समुद्रातही दिसणारा विल्सन्स स्टॉर्म पेट्रल, अमेरिकेतला विल्सन्स वॉर्बलर, विल्सन्स प्लोव्हर हे सगळे अलेक्झांडर विल्सन या पेझलीहून अमेरिकेला गेलेल्या विणकराच्या नावाचे. विल्सन्स बर्ड ऑफ पॅरडाइज मात्र त्याचा नाही, तो एडवर्ड विल्सनचा. अमेरिकन पक्षिशास्त्र संस्थेने २०२३मध्ये माणसांच्या नावांवरची इंग्रजी पक्षीनावं बदलायची घोषणा केली. म्हणून नोंदवहीत शास्त्रीय नाव बरोबर लिहून ठेवलेलं बरं, पेट्रलचं ओशनाइटीस ओशनिकस. वनस्पतींत तर शेवटचं अक्षर पाहिलं तरी पुरतं. मॅग्नोलिया विल्सोनीआय हे चीनमध्ये झाडं शोधणाऱ्या अर्नेस्ट विल्सनचं नाव, तर बर्बेरिस विल्सोनीए हे त्याच्या बायकोचं. लॅटिनमध्ये शेवट बदलला की पुरुषाची बाई होते.

मराठीत लिहिताना पहिल्या उल्लेखाला पूर्ण नाव आणि कंसात जन्म-मृत्यूची सालं द्यावीत, ग्रंथालयाच्या सूचीत देतात तशी: विल्सन, जॉन, १८०४–१८७५. एका पानावर दोन विल्सन आले तर पुढेही नुसतं आडनाव वापरू नये. जुनी पुस्तकं धुंडाळताना "विलसन" असंही टाकून पाहावं. शोधताना पहिल्या नावापेक्षा कामाचा शब्द जोडावा, "विल्सन सेरुलोप्लाझ्मिन" किंवा "विल्सन प्रवरा" असा. आणि नको असलेला शब्द वजाचिन्हाने वगळावा. मराठी विकिपीडियावर निःसंदिग्धीकरणाचं पान (एकाच नावाच्या वेगवेगळ्या लेखांची यादी) असेल तर आधी तिथे जावं. मात्र यादीत आपला माणूस नसला तर जवळचा दुवा जोडून मोकळं होऊ नये. चुकीच्या दुव्यापेक्षा दुवा नसलेला बरा.

चंद्राच्या दक्षिण भागात विल्सन नावाचं एक विवर आहे. ते एकाच वेळी तिघांच्या नावाचं: मेघपेटीचे सी. टी. आर., अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ राल्फ विल्सन आणि सूर्यावरचे डाग म्हणजे खळगे आहेत असं सांगणारे ग्लासगोचे अलेक्झांडर विल्सन. हे अलेक्झांडर छापखान्याचे खिळे ओतायचे. पक्ष्यांचे अलेक्झांडर ते वेगळे.