नंबर २ बोअर

"ही आता थकली, असं सगळेच म्हणतात. तुम्हीही तेच म्हणणार असाल तर आत्ताच सांगा, मी परत घेऊन जाते."

सत्तरीच्या पुढच्या त्या इंग्रज बाईंनी बंदूक बाकावर ठेवता ठेवताच हे सांगितलं. बंदूक त्यांच्या वडिलांची. लहानपणी मागच्या अंगणात भिंतीवर रिकामे डबे मांडून वडिलांनी त्यांना नेम शिकवला होता. आता नातू त्याच वयाचा झालाय, त्याला ही दाखवायची होती. पण छर्रा कुठल्या कुठे जातो, आणि चाप ओढला की खांद्याला हिसका बसतो.

मी बर्मिंगहॅमजवळच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये जुन्या एअर रायफली दुरुस्त करतो. आपल्याकडच्या भाषेत छऱ्याच्या बंदुका. कापड उलगडलं आणि आत निघाली दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली बीएसए. अक्रोडाचा दस्ता, नळीखाली दट्ट्या (स्प्रिंगच्या जोराने पुढे जाऊन हवा दाबतो तो) मागे ओढायचा लिव्हर, आणि तीन रायफली एकमेकींना टेकवून उभ्या केल्याची ती खूण. आपल्याकडे बीएसए म्हटलं की सायकल आठवते. मलाही शाळेत असताना तेवढंच माहीत होतं. पण नाव मूळचं इथलं, बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. लिंकन जेफ्रीज या इथल्याच बंदूक-कारागिराने १९०४ मध्ये पेटंट घेतलेल्या रचनेवर त्यांनी १९०५ पासून या रायफली बनवल्या. त्या हातात घेताना मला आजही हात धुऊन यावंसं वाटतं.

बाईंनी एक प्लास्टिकची पिशवीही दिली. त्यात बंदुकीची मूळ स्प्रिंग होती. आधी एका ठिकाणी दुरुस्तीला दिली तेव्हा "जोर कमी झालाय" म्हणून तिथे जास्त ताकदीची स्प्रिंग बसवली होती. त्यानंतर बंदूक आणखी बिघडली.

मी आहे त्या स्थितीतच दहा छर्रे मारून पाहिले. दुकानात सर्रास मिळणारे ५.५ मिलिमीटरचे, बाईंनीच आणलेले. वेग मोजायचं यंत्र एकदा सेकंदाला ३४० फूट दाखवी, तर पुढच्याच छऱ्याला ४३०. पंधरा यार्डांवरच्या कागदावर भोकं बशीभर पसरलेली. प्रत्येक वेळी आत धातूवर धातू आपटल्याचा आवाज. तो आवाज ऐकवत नव्हता.

स्प्रिंग मेली असेल तर वेग कमी येतो, पण बऱ्यापैकी सारखा येतो. इथे तो हेलकावत होता. म्हणजे हवा कुठूनतरी निसटत होती. या बंदुकीत नळी मोडून छर्रा भरत नाहीत. जुन्या पितळी नळाला असते तशी एक तोटी असते. ती फिरवायची, वर आलेल्या भोकात छर्रा डोक्याकडून टाकायचा आणि तोटी पुन्हा फिरवून बंद करायची. ती तोटीच गळत असेल का, हे बघायला मी तिच्यावर सिगारेटचा पातळ कागद ठेवला आणि चाप ओढला. कागद जेमतेम हलला. तोटी ठीक होती. (कामाला लागलो त्या पहिल्या वर्षी मी अशीच एक तोटी पॉलिश पेपरने "साफ" केली होती. ती पुन्हा कधीच बसली नाही. त्या बंदुकीची खंत अजून आहे.)

मग तोटीच्या भोकात बाईंचा छर्रा टाकून निरखून पाहिलं. तो आत सरळ बसलाच नाही, एका बाजूला कलंडला. छर्रा मागून पोकळ असतो. तो मागचा पातळ घेर हवेच्या दाबाने फुलून नळीच्या आतल्या पेचदार खाचांना घट्ट बसला पाहिजे. इथे तो मुळातच सैल. हवा त्याच्या कडेने पुढे पळत होती, आणि दट्ट्याला शेवटच्या क्षणी अडवायला समोर हवेची गादी उरतच नव्हती. तो थेट आपटत होता. त्यात स्प्रिंग जास्त ताकदीची, म्हणजे आपटणंही जास्त.

खात्री करायला एक मऊ शिशाचा, जरा मोठा छर्रा तोंडाकडून पितळी सळईने नळीतून हळूहळू ढकलत नेला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत हाताला सारखा अडसर लागला; नळी कुठे खाल्लेली नव्हती. बाहेर आलेल्या छऱ्याला मायक्रोमीटर लावला: ५.६१ मिलिमीटर. जुन्या ब्रिटिश कारखान्यांचं नंबर २ बोअर, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप, ते हेच, पॉइंट टू टू इंच. आजचा ५.५ चा छर्रा कागदावर त्याच मापाचा म्हणवतो, पण दोघांत मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा फरक आहे, आणि जुन्या बंदुकीला तो कळतो.

माझ्या कपाटात ईली वास्प या छऱ्यांचे ५.६ चे दोन डबे जपून ठेवलेले होते. मी मूळ स्प्रिंग परत बसवली, दट्ट्याच्या चामड्याला दोन थेंब तेल दिलं आणि दुपारभर मुरू दिलं. संध्याकाळी पहिले दोन-तीन छर्रे थोडा धूर काढत गेले. मग वेग ४५५, ४६१, ४६८, ४५८. साडेचौदा ग्रेनच्या (सुमारे एक ग्रॅमच्या) छऱ्याला ही जवळपास सात फूट-पाउंड ऊर्जा. इंग्लंडात परवाना न लागण्याची मर्यादा बारा, म्हणजे ही तिच्या खूपच आत, आणि तिच्या वयाला अगदी साजेशी. पाच भोकं वीस पेन्सच्या नाण्याखाली झाकली गेली. आपटण्याचा आवाज गेला होता. फक्त एक मऊ "टप्".

पण वास्प आता दुकानात मागून मिळत नाहीत. म्हणून मी पुढचे दोन तास पर्याय शोधण्यात घालवले, आणि खरं काम तेच होतं. एच अँड एन कंपनीचा ५.५५ डोक्याचा छर्रा बरा चालला, तरी सहा-सातांमधला एखादा भरकटे. बिनशिशाचे लावून पाहिलेच नाहीत. ते हलके आणि कडक, अशा नळीत फुलत नाहीत. आरडब्ल्यूएस कंपनीचा सुपरडोम छर्रा मात्र मऊ, घेर पातळ. लाकडाच्या ठोकळ्यात छऱ्यापुरतं भोक पाडलं, त्यात तो डोक्यावर उभा केला आणि घेरावर बेअरिंगची मोठी गोळी ठेवून अंगठ्याने हलकेच दाबली. घेर केसभर उमलला. तोटीत टाकला तर सरळ बसला. वेग ४४० ते ४५५, भोकं नाण्याबाहेर जेमतेम डोकावली.

बाई दुसऱ्या दिवशी आल्या. त्यांना कसं भरायचं ते सांगावंच लागलं नाही. छर्रा टाकल्यावर घेर तोटीच्या पृष्ठभागावर राहिला नाही ना, हे त्यांनी अंगठ्याने चाचपून पाहिलं. तो वर राहिला तर तोटी फिरवताना कापला जातो. हे त्यांना वडिलांनी शिकवलं होतं. त्या काही न बोलता पाच छर्रे मारून आल्या आणि कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

सोबत मी तो ठोकळा, ती गोळी, सुपरडोमचा एक डबा आणि माझ्याकडचा वास्पचा एक डबा दिला. एका कार्डावर नळीचं माप लिहिलं, ५.६१, आणि त्याखाली: जास्त ताकदीची स्प्रिंग बसवू नये. कार्ड त्यांनी बंदुकीच्या कापडात, दस्त्याच्या बाजूला गुंडाळून ठेवलं.