धाविक अपडेट ६ : सॉफ्ट फोटोंचा चोर सापडला

मंडळी, सापडलं! धाविक या माळावरच्या पक्ष्याचे माझे फोटो सॉफ्ट, म्हणजे पुसट, का येतात हे अडीच महिने डोकं खात होतं, त्याचं उत्तर काल सकाळी माळावर सापडलं, अजून कार्डवरचे सगळे फोटो बघूनही झाले नाहीत पण धीर धरवत नाही म्हणून आधी लिहायला बसलेय.

मागचं आठवत असेलच. पक्षी सप्ताहात (५ ते १२ नोव्हेंबर) ठरवलं होतं की यंदाचा हिवाळा फक्त धाविक, सासवडकडचा माळ, आणि आय लेव्हलचा (पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवरून काढलेला) असा एक तरी फोटो की ज्यात पांढरी भुवई आणि तिच्या खालची काळी रेघ सुरीने कापल्यासारखी वेगळी दिसेल. (माळ नेमका कुठला ते इथेही लिहीत नाही, का ते तुम्हाला सांगायला नको.) आणि तेव्हापासून दर ट्रिपला तेच रडगाणं, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो झकास, घरी येऊन शंभर टक्के झूम केला की पिसांचा नुसता लगदा.

निकॉनचा डी७५०० कॅमेरा आणि सेकंड हँड २००-५०० लेन्स, सेटअप तोच. अपडेट २ मध्ये शटर स्पीडला दोष दिला, १/२००० वर नेला, फरक शून्य. ३ मध्ये व्हीआर (लेन्समधली हादरे सावरणारी सोय) बंद करून पाहिला. ४ मध्ये ९५ एमएमचा स्वस्तातला यूव्ही फिल्टर काढून टाकला, त्याने आकाशासमोरचे फोटो स्वच्छ झाले हे खरं, आणि एवढ्या चांगल्या काचेपुढे ती पाचशे रुपयांची काच कशाला लावायची हे माझं मत कायम आहे, लेन्सच्या तोंडावरचा हूड पुरेसा आहे, पण मूळ दुखणं तसंच राहिलं. मधल्या काळात एका दुरुस्तीवाल्याकडे लेन्स दाखवली, त्यांनी दोन मिनिटं हातात धरून बॅकफोकस (फोकस नेमक्या जागेच्या मागे पडणं) आहे म्हणून सांगितलं, आठ दिवस ठेवून घेतली, २८०० रुपये घेतले, आणि लेन्स गेली तशीच परत आली. ते पैसे माझ्या शिकवण्यांचे होते, राग अजून गेलेला नाही.

मग अपडेट ५, एएफ फाइन ट्यून, म्हणजे ऑटोफोकस किंचित पुढेमागे सरकवायचा कॅमेऱ्यातला आकडा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ट्रायपॉड, बारा मीटरवर वर्तमानपत्राचं पान चिकटवलेलं, लाइव्ह व्ह्यूचा (मागच्या स्क्रीनवरचा) फोकस आणि व्ह्यूफाइंडरचा फोकस यांची तुलना. पहिल्या दुपारी +९ आलं, दुसऱ्या दिवशी +२, तिसऱ्या दिवशी चक्क -६. रात्री कॉलेजच्या बंद कॉरिडॉरमध्ये तीच टेस्ट केली तर शून्यावरच सगळं टकाटक. खरा धागा इथेच होता, लेन्स बिघडलेली असती तर आकडा रोज तोच आला असता ना! पण मी तो धागा सोडून दिला आणि +९ ठेवून तीन आठवडे शूट केलं, म्हणजे जे बरे आले असते तेही फोटो गेले.

आता कालचं. सात वाजून गेलेले, सूर्य नुकताच वर आलेला, नांगरटीच्या कडेला चार धाविक. त्यांचं ते ठरलेलं, पाचसहा पावलं तुरुतुरु पळायचं, थबकायचं, वाकून किडा टिपायचा आणि परत ताठ उभं राहायचं. साधारण चाळीस मीटर. मी मागच्या सीटवर, काच पूर्ण खाली, बीनबॅग दारावर (आईने जुन्या जीन्सची शिवून दिलेली, आत तीन किलो मका, बाजारातल्या थर्माकोलच्या मण्यांच्या बॅगेवर लेन्स डुगडुगते, ही दगडासारखी बसते, कोणाला माप हवं असेल तर देते). एक पक्षी ढेकळाशेजारी अगदी स्तब्ध उभा राहिला, म्हटलं चला, लाइव्ह व्ह्यू लावू, मॅन्युअलवर ढेकळाला फोकस करू, आणि झूम केलं तर ढेकूळ हलतंय! नदीच्या तळाशी गोटा हलल्यासारखा दिसतो ना, तस्सं. माळ अजून गार पडलेला, हात बधिर झालेले, आणि या वेळेला तापलेली हवा आली कुठून?

तेवढ्यात बाबा पुढून म्हणाले, "अगं, काच उघडी टाकून हीटर काय कामाचा, सगळी ऊब तुझ्या बाजूने बाहेर चाललीये."

मी दोन सेकंद तशीच बसून राहिले आणि मग जवळजवळ ओरडलेच, बाबा हीटर बंद करा, चारही काचा खाली करा! बाबांनी काही न विचारता केलं, मफलर कानाला घट्ट गुंडाळला आणि थर्मासमधला चहा काढला. पंधरा मिनिटं आम्ही कुडकुडत बसलो. परत लाइव्ह व्ह्यू लावला, ढेकूळ गप्प. फाइन ट्यून शून्यावर आणला, ग्रुप एरिया (अनेक फोकस पॉइंट एकत्र) लावला, धाविक ताठ उभा राहायची वाट पाहिली आणि दाबून ठेवलं. वीस फ्रेम्समधल्या सतरा शार्प! डोक्यावरचा विटकरी रंग वेगळा, भुवई वेगळी, काळी रेघ वेगळी, चोचीला चिकटलेला मातीचा कण दिसतोय हो, कण!

तर प्रकार असा होता. गाडीतली गरम हवा खिडकीतून बाहेरच्या गार हवेत मिसळत राहते, गरम हवा विरळ, गार हवा दाट, प्रकाश त्या दोन्हींतून वेडावाकडा वळत येतो आणि हे सगळं माझ्या लेन्सच्या अगदी तोंडासमोर, ज्यातून मी क्रॉप बॉडीवर (लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ७५० एमएमइतकं ओढून बघतेय. पार्किंगमधल्या दुपारच्या टेस्टही तापलेल्या फरशीवरून घेतलेल्या, म्हणून आकडे नाचत होते. ज्यांना असाच त्रास आहे त्यांनी पैसे खर्च करायच्या आधी एवढं करा, फोकस लॉक करून न हलणाऱ्या वस्तूचे दहा फोटो सलग काढा. दहाही सारखेच सॉफ्ट आणि फोकस ठरावीक बाजूला सरकलेला असेल तर लेन्सकडे बघा, पण एक शार्प, एक पुसट, एकात कडा वाकड्या असं असेल तर ती हवा आहे, तिला कुठलंच सर्व्हिस सेंटर दुरुस्त करू शकत नाही.

थांबा, लिहिता लिहिताच एक लक्षात आलं. तासभर हीटरच्या गाडीत लेन्सही तापत असणार, आणि हूडमधली हवा आतल्या आत घुसळत असणार, म्हणजे कालच्या पंधरा मिनिटांतली काही मिनिटं लेन्स गार व्हायलाच गेली असतील. आधी वाटलं डिकीत ठेवावी, पण आमची हॅचबॅक, डिकी आणि केबिनमध्ये हवा एकच, शिवाय बॅगेच्या पॅडिंगमध्ये ऊब टिकून राहते. मग निघतानाच हीटर बंद ठेवायचा, पोचायच्या आधी लेन्स बॅगेतून बाहेर काढायची आणि बाबांसाठी आजोबांची घोंगडी घ्यायची. विचारलं आत्ताच, हो म्हणालेत.

साडेआठनंतर मात्र दुसरा चोर येतोच, खुद्द जमीन. नांगरलेली काळी माती झपाट्याने तापते आणि धाविकाचा आय लेव्हल म्हणजे वीतभर उंची, लेन्स जितकी खाली तितकी थरथर जास्त. काल नऊला मी गाडीच्या दाराआड आडवी पडून घेतलेले सगळे फोटो वाया गेले, आणि त्याच वेळेला खिडकीतून, वरच्या अँगलने घेतलेले निदान ठेवण्यासारखे आहेत. त्यामुळे जाळी पांघरून पोटावर सरकायचा जो प्लॅन मागच्या वेळी मोठ्या उत्साहाने लिहिला होता तो दिवसभरासाठी रद्द, फक्त उजाडल्यावरचा पाऊण तास. नंतर गाडीतूनच, आणि तेही पक्षी आपणहून पंचवीस मीटरच्या आत आला तर. गाडी वाटेवरून खाली उतरवायची नाही म्हणजे नाही, परवा तिथे नवीन टायरचे वळसे दिसले आणि जीव तुटला.

काल परतताना एका काटेरी तारेवर कापशी घार मिळाली, लाल डोळा अगदी माणकासारखा, आणि रस्त्याकडेला डोंबारी या छोट्या पक्ष्याचा नर, पोटाचा काळा आणि गालाचा पांढरा दोन्ही न जळता आलेत. एरवी डोंबारीवर वेगळा अपडेट लिहिला असता.

वेळ थोडाच उरलाय. उन्हाळ्यात धाविक उघड्या मातीवरच अंडी घालतात, पाय पडेपर्यंत दिसत नाहीत, म्हणून मार्चपासून मी त्या माळावर जाणार नाही, तेव्हा पुण्याजवळ नदीवर, कवडीपाटला, बंड्यांच्या (काळ्यापांढऱ्या खंड्यांच्या) मागे. म्हणजे हातात चारपाच सकाळी. रविवारी ढगाळ दाखवतायत आणि मला त्याचाच आनंद झालाय, ऊन नसलं की माती उशिरा तापेल, पाऊण तासाचा कदाचित दीड तास होईल. कुणी ढगाळ सकाळी माळावर जमिनीलगत शूट केलं असेल तर आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची संवेदनशीलता) कितीपर्यंत नेला ते सांगा, मी ३२०० च्या वर जायला अजून घाबरते. पहाटे साडेपाचला निघतोय, हीटर बंद.