तुम्ही विचारलंत म्हणून: अर्थ माहीत आहेत का?

"एवढे शब्द पाठ करता, पण त्यांचे अर्थ तरी माहीत आहेत का?" लोकलमध्ये मांडीवर स्क्रॅबलची, म्हणजे अक्षरांच्या टाइल्स बोर्डावर जुळवून इंग्रजी शब्द करायच्या खेळाची, कार्डं घेऊन बसले की शेजारची बाई विचारते. बँकेत विचारतात. दिवाळीला येणारे दीर दरवर्षी विचारतात, आणि विचारायच्या आधीच हसतात. आजवर "थोडेफार" म्हणून मी विषय संपवत आले. आता एकदाच नीट सांगते.

नाहीत. निम्म्याहून जास्त शब्दांचे नाहीत.

आणि खेळायला ते लागतही नाहीत. स्क्रॅबलच्या स्पर्धेत समोरच्याने शब्दाला चॅलेंज केलं तर तो यादीत आहे की नाही, एवढंच बघतात. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स 2015 मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचा जगज्जेता झाला तेव्हा त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं. 2024 मध्ये त्याने स्पॅनिशमध्येही तेच केलं. त्याला कुणी हसलं नाही. मी ठाण्याची, मराठी माध्यमातली, म्हणून मला अर्थ विचारायचे. बरं आहे.

माझी कार्डं बघितलीत तर कळेल. एका बाजूला सात अक्षरं एबीसीडीच्या क्रमाने, उलट बाजूला त्यांतून होणारा शब्द. ए-ई-ई-आय-ओ-आर-टी. उलटा: ई-टी-ए-ई-आर-आय-ओ. पिशवीतल्या शंभर टाइल्सपैकी बारा ई, नऊ ए, नऊ आय, आठ ओ. त्यामुळे रॅकवर, म्हणजे आपल्या टाइल्स मांडायच्या पट्टीवर, नुसते स्वर साचतात आणि हात बांधल्यासारखे होतात. अशा वेळी हा एक शब्द सगळ्या सात टाइल्स संपवतो आणि वर पन्नास गुण देतो. मला तो अडचणीत धावून येणाऱ्या मावशीसारखा वाटायचा. मावशीचा अर्थ काय, असं कोण विचारतं?

काही शब्दांचे अर्थ मात्र न शिकताच येतात. पाच अक्षरी, क्यू आहे पण यू नाही, अशांची यादी पहिल्यांदा हातात पडली तेव्हा मी चकितच झाले. फकीर, तलाक, निकाब: सगळी आपलीच माणसं. आणि कनात. ही मी कित्येक वर्षं मांडवाची कनात समजत होते. ती निघाली जमिनीखालून पाणी आणणारी नहर, मलिक अंबरने खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, बांधली त्या जातीची. म्हणजे अर्थ माहीत आहे म्हणायचे तेही चुकीचे. गुण मात्र तेवढेच मिळत होते.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते.

लेकीच्या शाळाप्रवेशाची मुलाखत होती. इंग्रजी माध्यम, त्यामुळे आईबापांचीही मुलाखत. फॉर्मवर आईचा छंद असा रकाना होता. नवऱ्याने तिथे हौसेने "स्क्रॅबल" लिहिलं. छाप पडेल म्हणाला. मी नको म्हटलं नाही, हेही सांगायला हवं. मलाही छाप पाडायची होतीच.

मुख्याध्यापिकाबाईंच्या मागच्या भिंतीवर रंगीत कार्डबोर्डची अक्षरं कापून टीचिंग असं लिहिलं होतं. मला ते टीचिंग दिसेना, चीटिंगच दिसत होतं. अक्षरं तीच आठ. सवयच लागते तशी. बाई फॉर्म वाचत होत्या. त्या रकान्यापाशी थांबल्या आणि त्यांचा चेहरा खरोखर उजळला. चांगल्या मनाने विचारलं हो त्यांनी, यात त्यांचा काही दोष नाही. तुमचा एखादा आवडता शब्द सांगा, म्हणाल्या. इंग्रजीत.

मी म्हटलं, "एटाएरिओ."

त्यांना कळलं नाही. मी पुन्हा म्हटलं. त्यांनी कागद पुढे केला, मी लिहून दिला. "हाऊ इंटरेस्टिंग! व्हॉट डझ इट मीन?"

माझ्याकडे तेव्हा सात अक्षरी काही हजार शब्द होते. त्यातला एकही पुढे आला नाही. "आय डोन्ट नो" एवढे तीन शब्दसुद्धा तोंडातून निघाले नाहीत. मी कागदाकडे बघत बसले आणि मनात त्यातून दुसरा शब्द होतो का ते जुळवत राहिले. होत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. शेवटी नवरा काहीतरी बोलला, बाई हसल्या, मग लेकीला रंग विचारले. तिला सगळे आले.

रिक्षात नवरा म्हणाला, "एवढं काय त्यात." मी लेकीच्या बुटाचा बंद बांधत राहिले. तो सुटलेला नव्हता.

कित्येक वर्षं मी स्वतःला समजावलं की चूक शब्द निवडण्यात झाली. सोपा सांगितला असता तर निभावलं असतं. आता हे पटत नाही. अर्थ माहीत असता तरी तो सांगायला वाक्य लागलं असतं, ते कुठून आणलं असतं? पाचवीत ज्यांची एबीसीडी सुरू झाली, त्यांना बोर्डावर एक सुख आहे: तिथे उच्चार कुणाला ऐकू येत नाही. कॉन्व्हेंटमधल्या वकिलाला मी एकदा दोनशे गुणांनी हरवलंय, एक शब्द न बोलता. मग ही पळवाट होती का? त्या दिवशी रिक्षात वाटलं, होती. पुढच्या रविवारी क्लबात सातही टाइल्स संपवल्या तेव्हा नाही वाटलं.

बरं, अर्थ लागला तोही मी शोधला म्हणून नाही. लेक कॉलेजात बायॉलॉजी पाठ करत होती आणि मी सीताफळ खात होते. ती वहीतून वर बघत म्हणाली, "आई, तू आत्ता एटेरिओ खातेयस." एकाच फुलातल्या सुट्या सुट्या स्त्रीकेसरांची छोटी फळं होतात आणि एकत्र वाढतात, तो घोस म्हणजे एटेरिओ. सीताफळाचा प्रत्येक डोळा म्हणजे त्यातलं एक फळ. मी हातातला गर बघितला, बी थुंकली आणि तिला परत सांगायला लावलं. मुलाखतीतलं तिला काही आठवत नाही. मीही काढलं नाही.

त्या कार्डावर अर्थ लिहायला जागा आहे. लिहिलेला नाही. आणि लेकीने दोनदा सुधारलं, तरी मी मनात अजून एटाएरिओच म्हणते. तसं म्हटलं की स्पेलिंग चुकत नाही.