दहावं स्तोत्र: तुटलेली अक्षरमाळ

आज बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं दहावं स्तोत्र. एकटं वाचलं तर ते अर्धंच हाती लागतं, नवव्यापासून सलग वाचायला हवं. जुन्या ग्रीक भाषांतरात ही दोन्ही मिळून एकच स्तोत्र आहे, आणि दहाव्याला स्वतःचं शीर्षकही नाही. मूळ हिब्रूत दोन्हींमधून हिब्रू वर्णमालेच्या 22 अक्षरांची माळ ओवली आहे. साधारण दर दोन वचनांनी वचनाची सुरुवात पुढच्या अक्षरानं होते. नवव्यात एक दालेत (चौथं अक्षर) गळतं, बाकी माळ काफपर्यंत (अकरावं अक्षर) नीट जाते. दहाव्याच्या पहिल्याच शब्दात, ‘लामा’ म्हणजे ‘का’, लामेद हे पुढचं अक्षर येतं: परमेश्वरा, तू दूर का उभा राहतोस?

आणि तिथून माळ तुटते. मेमपासून त्सादेपर्यंतची सहा अक्षरं आपापल्या जागी नाहीत. नेमक्या याच पोकळीत दुर्जन बोलत राहतो. नकला करताना पाठ बिघडला असेल, असंही म्हणतात, आणि 3 ते 5 ही वचनं खरोखरच अवघड आहेत. तरी त्याची बडबड सुरू होताच अक्षरांचा क्रम कोसळावा, हे मला कवितेचंच अंग वाटतं.

तो म्हणतो काय? वचन 4: देव नाही. वचन 6: मी ढळणार नाही. वचन 11: देव विसरला, त्यानं तोंड लपवलं, तो कधीच पाहणार नाही. वचन 13: तू जाब विचारणार नाहीस. शेवटची तिन्ही तो ‘मनात’ म्हणतो. देव नाही आणि देव विसरला, ही दोन्ही एकदम खरी असू शकत नाहीत. त्याला त्याची फिकीर नाही. विचारणारं कुणी नसावं, एवढंच त्याला हवं. म्हणून तो गावांजवळ दबा धरतो, दुबळ्याला जाळ्यात ओढतो.

वचन 12 ला ‘कूमा’, म्हणजे ‘ऊठ’, अशी हाक येते आणि त्सादेनंतरच्या कोफपासून माळ पुन्हा सुरू होते. मग 14 ला रेश, ‘राईता’: तू पाहिलं आहेस. दुर्जनाच्या ‘पाहणार नाही’ला त्याच क्रियापदानं दिलेलं हे उत्तर आहे. 15 ला शीन, 17 ला ताव. माळ पुरी होते.

भाषांतरात निसटतो तो ‘दाराश’ हा धातू: शोधणं, झडती घेणं, जाब मागणं. पेन्सिल घेऊन 9:12, 10:4, 10:13 आणि 10:15 या चार जागा एकाच खुणेनं जोडाव्यात. रक्तपाताचा जाब घेणारा देव. तो घेणार नाही, असं दोनदा म्हणणारा दुर्जन. आणि शेवटी त्याच शब्दात प्रार्थना: याच्या दुष्टपणाची झडती घे, काहीही उरणार नाही तोपर्यंत थांबू नकोस. त्याच वचनात त्याचा हात मोडायची मागणी आहे. हात म्हणजे जोर. त्याचा जीव घे, असं इथे कुणी मागत नाही.

शेवटच्या वचनात ‘आरेत्स’ (माती) आणि ‘आरोत्स’ (धाक घालणं) हे शब्द एकमेकांवर आपटतात: अनाथाला आणि पिडलेल्याला न्याय मिळावा, मातीच्या माणसानं पुन्हा कुणाला धाक घालू नये.