तुम्ही विचारलंत म्हणून: आकडे खरे, मग कार्ड खोटं का पडतं?

टेबलटॉप बेसबॉलची, म्हणजे फासे टाकून टेबलावर खेळायच्या बेसबॉलची, खेळाडूंची कार्डं घरी बनवणारे हे हमखास विचारतात. खेळाडूचे आकडे रेकॉर्डमधून जसेच्या तसे घेतलेले असतात, तरी तगडा बॅटर टेबलावर मिळमिळीत खेळतो.

कारण त्याचे निम्मे निकाल त्याच्या कार्डावर लागतच नाहीत. स्ट्रॅट-ओ-मॅटिक या टेबलटॉप खेळाच्या पद्धतीत एका फाशावर 1 ते 3 आले तर बॅटरचं कार्ड बघायचं, 4 ते 6 आले तर पिचरचं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचं. पिचरची बाजू त्याला लीगच्या सरासरीकडे ओढते. म्हणून खरा आकडा दुप्पट करा आणि त्यातून लीगची सरासरी वजा करा. 600 पाळ्यांत 72 वॉक (चार खराब चेंडूंमुळे फुकट मिळणारा पहिला बेस) म्हणजे 12 टक्के. लीगचे 8 असतील तर कार्डावर 16 हवेत. कार्डावर तीन रकाने, दोन फाशांचे प्रत्येकी 36 मेळ, एकूण 108. त्याचे 16 टक्के होतात 17.28. एका रकान्यात 6, 7, 8 आणि 2 या बेरजांना वॉक दिला की 5+6+5+1, म्हणजे 17 भरले. उरलेल्या 0.28 साठी 12 वर वीस बाजूंचा फासा: 1 ते 6 वॉक, पुढे आऊट.

होमरनमध्ये हे गणित कधी उणे उत्तर देतं. तिथे कार्डावर शून्य ठेवून बॅटरला ‘कमजोर’ खूण द्या. पिचरच्या कार्डावरचा होमरन त्याच्यासाठी सिंगल (एका बेसचा फटका) धरायचा.

सरासरी मात्र त्याच मोसमाची, त्याच लीगची घ्या. 1968 मध्ये अमेरिकन लीगची बॅटिंग सरासरी (हिट, म्हणजे बेसवर पोचवणारे फटके, भागिले अ‍ॅट-बॅट, म्हणजे वॉक वगैरे सोडून मोजलेल्या पाळ्या) होती .230, आणि बॅटर यास्त्रझेम्स्की .301 वर अव्वल ठरला. त्याच्या कार्डावर .372 बसतात. सवयीने .260 धरलेत तर .342 च येतील आणि बिचारा टेबलावर .286 चा बॅटर होईल.

60 अ‍ॅट-बॅटमध्ये 24 हिट मारलेल्याला .400 देऊ नका. आधी त्यात लीगच्या सरासरीचे 200 अ‍ॅट-बॅट मिसळा, सरासरी .250 असेल तर तो .285 वर येतो. क्षेत्ररक्षणात रेंज (किती दूरच्या चेंडूपर्यंत पोचतो) आणि चुका वेगळ्या ठेवा. चेंडूपर्यंत न पोचणाऱ्या शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या) चुकाही कमीच असतात!

चाचणीत घाई नको. .300 चं अचूक कार्डही 600 अ‍ॅट-बॅटच्या एका मोसमात सहज .281 किंवा .319 दाखवतं. दहा मोसम फिरवा. तरीही .285 वरच अडकलं, तर बॅटरला हात लावण्याआधी पिचरांची सगळी कार्डं एकत्र मोजा. त्यांची सरासरी लीगच्या खाली गेलेली असू शकते.