पिवळा घाम

सांगली, एप्रिलअखेर. रात्रीचे सव्वादहा.

आज शेतकऱ्याच्या मालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, लिहिताना कपाळावरचा थेंब नेमका रकमेवर पडला. शाईचं पेन, आकडा फिसकटला. समोर तासगावकडचा शेतकरी उभा होता, सकाळपासून उपाशी. त्याला वाटलं मी खाडाखोड करतोय. ती पट्टी फाडली, नवी लिहिली, दोनदा वाचून दाखवली. तो गेला, पण दारातून एकदा वळून बघितलं त्यानं. २१ वर्षं मार्केट यार्डात दिवाणजी आहे. माझ्या आकड्यावर आजवर कुणी शंका घेतलेली नाही. ती नजर अजून डोळ्यांपुढून जात नाही.

सध्या हळदीचा हंगाम. पोती सुटली की दुकानभर धूळ उडते आणि माझ्या ओल्या मानेवर बसते. मग कानामागून पिवळा ओघळ निघतो तो थेट कॉलरमध्ये. हमाल विचारतात, "दिवाणजी, ताप हाय का वो?"

ताप नाही. मॉर्फिन आहे.

कॅन्सर कंबरेच्या हाडात उतरला आहे. घरात आम्ही अजून नुसतं 'आजार' म्हणतो, पण इथं तरी नाव लिहितो. दिवाळीनंतर खोकला आला तरी जीव कळवळायचा. संडासला बसताना खिडकीची सळई धरायला लागायची. जानेवारीत मिरजेच्या डॉक्टरबाईंनी दुखणं थांबवायला मॉर्फिनच्या १० मिलिग्रॅमच्या गोळ्या सुरू केल्या. सकाळी ६, मग १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १० ला दोन, म्हणजे दोन वाजता उठायला नको. चौथ्या दिवशी मी पाटावर मांडी घालून जेवलो. ही वाढता वाढता थांबली आणि आत निघून गेली. तिला माझ्यासमोर रडायचं नव्हतं.

गुंगी आणि मळमळ आठवड्याभरात गेली. बद्धकोष्ठ राहिलं, त्याचं औषध रोज असतंच. आणि घाम राहिला.

हा उन्हाचा घाम नव्हे. उन्हाच्या घामाला सावलीत उतार पडतो. हा डोक्याच्या मधोमध सुरू होतो, केसांतून मुंगी चालावी तसा, मग कपाळ, मान, छाती. पहाटे अडीच-तीनला जाग येते तेव्हा उशी ओलीगार आणि बनियन पाठीला असं चिकटलेलं की ओढून काढावं लागतं. पंखा लागला की हुडहुडी. पंखा बंद केला की पुन्हा धारा.

मार्चमधली एक सकाळ लिहायची राहिली होती. सूनबाई चिपळूणची, लग्नाला वर्ष झालेलं नाही. माझ्या उशीचा अभ्रा धुवायला घेतला आणि तशीच फेसाच्या हातांनी बाहेर आली. अभ्र्यावर लाल डाग. "बाबा, रक्त येतंय का तुम्हाला?" ही म्हणाली, "अगं, हळद आहे ती. साबण लागला की लाल होते. उन्हात टाक, उडून जाईल." आमच्या घरात हे कुणाला नवं नाही. पण पोरगी तिथंच पायरीवर बसली. तिचे हात थरथरत होते. तोवर मला वाटत होतं की हा घाम माझा मी निस्तरतोय.

त्याच आठवड्यात मी चूक केली. मेव्हणे येऊन म्हणाले होते, "दाजी, ही अफूचीच गोळी. एकदा लागली की सुटायची नाही." आधीच सगळ्यांदेखत घामाची लाज वाटत होती. त्यात हे डोक्यात बसलं. कुणाला न सांगता दुपारची २ ची गोळी बंद केली, मग ६ ची, मग रात्रीची एक. चार दिवसांत ६ च्या ३ झाल्या. वाटलं, घाम कमी होईल. झाला दुप्पट. जांभयांवर जांभया, नाक गळतंय, अंगावर काटा. आणि कंबर पुन्हा डिसेंबरात जाऊन बसली.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. खुर्ची जवळ ओढून सांगत बसल्या. शरीराला औषधाची सवय होणं वेगळं आणि व्यसन वेगळं. एकदम तोडलं की शरीर असं बंड करतं आणि त्यातही घाम येतोच. मूळचा घाम का येतो, तेही सांगितलं. मॉर्फिनमुळे कातडीतल्या काही पेशी हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात, आणि मेंदूत अंगाची ऊब राखणारी जी जागा असते तिचाही तोल ढळतो. बऱ्याच जणांना हा त्रास होतो. मी तीन महिने हे एकट्याचं लाजिरवाणं दुखणं समजत होतो.

आधी त्यांनी ताप, रक्त, साखर, थायरॉईड तपासून घेतलं. घाम दुसऱ्या कशाचा नाही ना, हे बघायला हवं म्हणाल्या. कातडीवर चिकटवायची फेंटानिलची, म्हणजे मॉर्फिनसारख्याच दुसऱ्या औषधाची, पट्टी असते, तिच्याबद्दल मी विचारलं. पण इतक्या घामानं ती सुटते, आणि अंग तापलं तर औषध जास्त झिरपतं. शेवटी ऑक्सिब्युटिनिन दिलं. मुळात ते लघवीच्या तक्रारीचं औषध. थोड्या मात्रेत, फक्त रात्री. तोंड कोरडं पडेल, पोट आणखी धरेल, लघवीला अडलं तर लगेच फोन करा म्हणाल्या. शिवाय घाम अडला की अंगातली उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून भर उन्हात हिंडू नका. सांगलीच्या एप्रिलमध्ये हे सगळ्यात महत्त्वाचं. आता बारा ते चार दुकानाच्या मागच्या खोलीत बसतो.

या गोळ्या प्रत्येक औषध दुकानात मिळत नाहीत. अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा कडक, २०१४ च्या दुरुस्तीनं थोडी वाट मोकळी झाली. मिरजेला जाऊन मोजून आणाव्या लागतात. कितीतरी घरांत लोक नुसते कण्हत पडलेले असतील. अशी मिळालेली गोळी मी लाजेपोटी टाळत होतो, याचं फार वाईट वाटतं.

उद्यापासून गळ्यात पंचा ठेवणार, शाईच्या पेनाऐवजी बॉलपेन. मालकांनाही आज खरं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, टेबलफॅन माझ्या बाजूला वळवला. दुपारी मीठ-साखरेचं पाणी आठवणीनं. जांघेत उठलेल्या चट्ट्यांसाठी मलम आहे. ते सांगायलाही आठ दिवस घेतले होते मी.

डॉक्टरबाईंनी रात्रीची नोंद ठेवायला सांगितली आहे. हिनं उशाशी दोन कोरडी बनियनं घडी करून ठेवलीत.

१०.०० – दोन्ही गोळ्या घेतल्या.
१२.४० – जाग. मान ओलसर.
३.१० – बनियन बदललं. उशी कोरडी.