सातव्या मिनिटाला विझणारा गिझर

परभणीची डिसेंबरातली थंडी मराठवाड्यात प्रसिद्ध आहे, आणि त्या दिवसांत गॅस गिझर दुरुस्त करणाऱ्या माणसाचा फोन पहाटे साडेपाचपासून वाजू लागतो. अलीकडच्या गिझरला पुढच्या बाजूस छोटा पडदा असतो. एरवी त्यावर पाण्याचे तापमान दिसते, बिघाड झाला की त्याच जागी ‘ई’ आणि पुढे एक आकडा उमटतो. लोक त्याचा फोटो पाठवतात आणि अर्थ विचारतात. वसमत रस्त्याकडच्या एका घरातून असाच फोटो आला तेव्हा मी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे शिडीवर उभा होतो. ‘ई २’ वाचून मी घाईने उत्तर दिले की सेल बदला, सिलिंडर संपत आले आहे का ते बघा आणि गिझर एकदा बंद करून पुन्हा सुरू करा. त्या उत्तराची आठवण मला आजही अस्वस्थ करते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाईंचा पुन्हा फोन आला. “भाऊ, सेल नवे टाकले, टाकी पण बदलली. पेटतोय, पण अंघोळ निम्मी झाली की बंद पडायलाय. मग पुन्हा चालू करायलोत.” किती वेळा, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या की एका अंघोळीला तीन-चार वेळा. मी हातातले काम सोडून निघालो.

वाटेत मनाशी जुळवाजुळव चालली होती. नळ उघडला की पाण्याच्या दाबाने आतला रबरी पडदा सरकतो, छोटी कळ दाबली जाते, दोन मोठ्या सेलवर ठिणगी पडते, गॅसची झडप उघडते आणि बर्नर पेटतो. ज्योतीत एक बारीक सळई असते. तिला ज्योत जाणवत राहिली तरच झडप उघडी राहते, नाही तर काही सेकंदांत गॅस बंद होतो आणि कोड येतो. कोडांचे अर्थ कंपनीगणिक बदलतात, म्हणून त्या गिझरचीच पुस्तिका पाहावी लागते. या गिझरच्या पुस्तिकेत ‘ई १’ म्हणजे ज्योत पेटलीच नाही आणि ‘ई २’ म्हणजे पेटलेली ज्योत मध्येच विझली, असे होते. या दोहोंतला फरक मी आदल्या दिवशी शिडीवरून लक्षात घेतला नव्हता. सेल उतरले असते तर मुळात ठिणगीच पडली नसती. रोज व्यवस्थित पेटून सहा-सात मिनिटांनी विझणाऱ्या गिझरचे कारण बहुधा त्याच्या आजूबाजूच्या हवेत असते.

गिझर न्हाणीघरातच बसवलेला होता. जागा जेमतेम पाच फूट बाय चार. वरची खिडकी शोधायला मान वर केली तर तिथे थर्माकोलचा तुकडा अगदी मापात कापून बसवलेला, चारी बाजूंनी खाकी चिकटपट्टी. थंडी वाढल्यावर घरमालकांनी लेकरांना वारा लागू नये म्हणून तो लावला होता. गिझरच्या वरच्या जाळीवरून बोट फिरवले तर बोट काळे झाले. दार उघडे ठेवून गिझर पेटवून पाहिला, तेव्हा ज्योत निळी न दिसता टोकाशी पिवळी लवलवत होती. गरम पाण्याचा नळही क्षारांनी पांढरा झाला होता, पण ते दुखणे वेगळे आणि आमच्या बोअरच्या पाण्याला नेहमीचे. त्याने पाणी जादा तापल्याचा कोड येतो, ज्योत विझल्याचा नाही.

मग मी बाईंना विचारले की घरात कुणाला त्रास होतो का. त्या म्हणाल्या, “लेकराचं डोकं दुखायलंय दोन दिवसांपासून, आज उलटी पण झाली. ताप नाही. थंडी बाधली असंल.” आठवीतली ती मुलगी आत पलंगावर पडून होती, तासापूर्वीच अंघोळ करून आलेली. करोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर त्यांनी तिच्या बोटाला लावला होता आणि त्यावर ९८ दिसत होते. तो आकडा पाहून घरातली सगळी माणसे निर्धास्त झाली होती. मला मात्र तोच आकडा पाहून भीती वाटली. बंद जागेत हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, आणि बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरला असे व्यापलेले हिमोग्लोबिनही ऑक्सिजनने भरलेलेच वाटते. “पण गॅसचा वास तर कधी आला नाही,” असे मुलीचे वडील म्हणाले. सिलिंडरमधल्या गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो, तो जळून तयार होणाऱ्या या वायूला वास नसतो, रंगही नसतो.

मी गिझरचा गॅस रेग्युलेटरपासून बंद केला, दारे-खिडक्या उघडल्या, मुलीला अंगणात आणून बसवले आणि वडिलांना ताबडतोब दवाखान्यात जायला सांगितले. डॉक्टरांना नुसते डोकेदुखी आणि उलटी सांगू नका, बंद न्हाणीघरात गॅस गिझर चालू होता हे आधी सांगा, असे दोनदा बजावले, कारण तेवढ्या एका वाक्याने तपासणीची दिशा बदलते. डॉक्टरांनी तिला मुखवट्यातून ऑक्सिजन लावला. मोकळ्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण दीड तास. संध्याकाळी ती चालत घरी आली आणि तिने भाकरी मागितली, हे वडिलांनी मला फोन करून सांगितले, तेव्हा मी बराच वेळ काही बोलू शकलो नाही.

ज्योत विझवून तो गिझर दर सातव्या मिनिटाला गॅस तोडत होता, आणि माझ्या सांगण्यावरून त्या घरातली माणसे त्याला पुन्हा पुन्हा सुरू करत होती.

दोन दिवसांनी मी गिझर उतरवून मागच्या उघड्या ओट्यावर, पत्र्याच्या आडोशाला बसवला आणि भिंतीतून फक्त गरम पाण्याचा नळ आत नेला. बर्नर आणि वरची जाळी साफ केली, जुनी नळी काढून नवी घातली, प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहिले आणि पंधरा मिनिटे सलग पाणी सोडले. ज्योत शेवटपर्यंत निळी राहिली. कामाचे पैसे मी घेतले नाहीत. थर्माकोलचा तुकडा घरमालकांनी स्वतःच्या हाताने काढला.

आता कुणी कोडचा फोटो पाठवला की मी आधी न्हाणीघराच्या खिडकीचा फोटो मागवतो.